बोगद्यांची नाडीपरीक्षा

९ जुलै २०२४ रोजी दुपारी कोकण रेल्वेच्या माडुरे आणि पेडणे या स्थानकांमधील बोगद्यात पाण्याचे उमाळे फुटले आणि चिखल रुळांवर आला. रात्री वाहतूक सुरू करण्यात आली. परंतु पहाटेपूर्वीच पाणी पुन्हा उसळले आणि मार्ग दुसऱ्यांदा बंद करावा लागला. अनेक गाड्या रद्द झाल्या, काही लांबच्या मार्गांनी वळवण्यात आल्या. याच बोगद्याच्या भिंतीचा भाग ६ ऑगस्ट २०२० रोजी कोसळला होता. सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचा इतिहास पाहता यात आश्चर्य वाटण्यासारखे फारसे नाही. पाण्याने भरलेल्या मऊ जांभ्या मातीतून तो काढण्यात आला आणि बांधकामाच्या काळातही तो वारंवार ढासळला. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला, त्याच्या मार्गातील शेवटच्या अडथळ्यांपैकी हा एक होता.

बोगदा पूर्ण झाला म्हणजे डोंगराशी चाललेला व्यवहार संपला, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः जमिनीत पोकळी निर्माण केल्यापासून ती पोकळी वापरात असेपर्यंत भोवतालचा खडक, माती, पाणी आणि आतील अस्तर यांच्यात बलांची देवाणघेवाण चालूच राहते. तिच्यावर लक्ष ठेवण्याचे, तिचे मोजमाप करण्याचे आणि त्या मोजमापावरून वेळीच निर्णय घेण्याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या साठ वर्षांत उभे राहिले आहे. या शास्त्रातील उपकरणे आज अतिशय सूक्ष्म झाली आहेत. तरीही बोगदे कोसळतात. त्यांच्या चौकशी अहवालांतून वारंवार दिसते ते असे की, धोक्याचे आकडे नोंदवहीत आधीपासून होते. त्यांचा अर्थ लावून काम थांबवणारे कोणी नव्हते.

जमीन का हलते?

डोंगराच्या पोटातील खडक वरच्या थरांच्या भाराखाली चहूबाजूंनी दाबलेला असतो. त्यात पोकळी केली की तेथील खडकाने पेललेला भार आजूबाजूच्या खडकाकडे सरकतो आणि पोकळीच्या कडा आतल्या बाजूला येऊ लागतात. खडक चांगला असेल तर ही हालचाल काही मिलिमीटरवर थांबते. भार पोकळीला वळसा घालून जातो आणि खडकाची स्वतःचीच कमान तयार होते. सह्याद्रीच्या अभंग बेसॉल्टमध्ये म्हणूनच कित्येक जुने बोगदे अस्तराविना उभे आहेत. खडक ठिसूळ किंवा चिरडलेला असेल, किंवा पोकळी मातीत असेल, तर हालचाल कित्येक सेंटिमीटरपर्यंत जाते आणि वेळीच आधार न मिळाल्यास थांबतच नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही हालचाल खोदकामाचे तोंड, म्हणजे अभियंते ज्याला ‘फेस’ म्हणतात तो भाग, त्या जागी पोहोचण्यापूर्वीच सुरू झालेली असते. ढोबळ हिशेबाने एकूण हालचालीचा सुमारे एक-तृतीयांश भाग फेस तेथे येईपर्यंत घडून गेलेला असतो. बोगद्याच्या आत बसवलेले उपकरण हा भाग कधीच पाहू शकत नाही. उरलेल्या हालचालीतीलही मोठा वाटा पुढच्या एकदोन सुरुंगांत घडतो. त्यामुळे पहिले वाचन किती लवकर घेतले यावर पुढच्या साऱ्या नोंदींचे मोल अवलंबून असते. खोदकामानंतर काही तासांत मोजणीचे बिंदू बसवून वाचन घ्यावे, असा आग्रह याचसाठी धरला जातो. प्रत्यक्षात त्या वेळी मलबा उपसणे चालू असते, फवाऱ्याचे काँक्रीट मारायचे असते आणि मोजणीवाला सर्वांच्या वाटेत येत असतो. पहिले वाचन एक दिवस उशिरा घेतले की पुढचा आलेख दिलासा देणारा दिसतो, कारण हालचालीचा मोठा भाग त्यात आलेलाच नसतो.

मोजमाप हा बांधकामाचाच अविभाज्य भाग आहे, हा विचार रूढ करण्याचे श्रेय ऑस्ट्रियातील अभियंत्यांकडे जाते. लॅडिस्लाउस फॉन रॅबसेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत १९६० च्या दशकात ‘नवीन ऑस्ट्रियन बोगदा पद्धत’ या नावाने प्रसिद्ध झाली. जड अस्तर उभारून डोंगराचा सारा भार पेलण्याऐवजी काँक्रीटचा पातळ थर आणि खडकात रोवलेले पोलादी बोल्ट यांच्या साह्याने खडकालाच स्वतःचा भार पेलू द्यायचा, ही तिची मूळ कल्पना. परंतु खडक खरोखर भार पेलतो आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून या पद्धतीत मोजमाप वगळले तर मागे उरतो तो केवळ पातळ काँक्रीटचा एक थर. भारतात पीर पंजाल पर्वतराजीतील ११.२ किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा आणि ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा या पद्धतीने काढण्यात आले. अटल बोगद्यात सेरी नाल्याखालचा ५८७ मीटरचा चिरडलेल्या खडकाचा आणि पाण्याचा पट्टा अभियंत्यांची सर्वांत कठीण परीक्षा घेणारा ठरला.

उपकरणांचा परिवार

सर्वांत साधे आणि आजही सर्वांत उपयुक्त मोजमाप म्हणजे बोगद्याच्या दोन भिंतींमधील अंतर किती घटले ते पाहणे. पूर्वी भिंतींत आकडे ठोकून त्यांच्यात पोलादी फीत ताणून हे अंतर मोजत असत. त्यासाठी काम थांबवावे लागे आणि उंच बोगद्यात शिडीही लागे. आता भिंतींवर आणि माथ्यावर लहान लोलक बसवतात आणि ‘टोटल स्टेशन’ या सर्वेक्षण यंत्रातून प्रकाशकिरण पाठवून प्रत्येक लोलकाचे स्थान तिन्ही दिशांत सुमारे एक मिलिमीटरच्या अचूकतेने ठरवतात. केवळ अंतर घटले एवढेच नव्हे, तर माथा खाली आला की एक भिंत दुसरीपेक्षा जास्त सरकली, हेही त्यातून कळते. डावी-उजवीकडची हालचाल विषम असेल तर एका बाजूला खडकात कमकुवत थर दडलेला असण्याचा संभव असतो. अर्थात लोलकावर धूळ बसते, फवाऱ्याचे काँक्रीट त्याला झाकून टाकते, डंपरचा धक्का लागून तो वाकतो. आणि नेमक्या महत्त्वाच्या आठवड्यात नोंदीत खंड पडतो.

भिंतीची हालचाल कळली तरी ती खडकात किती खोलवरून येते आहे, हे कळत नाही. त्यासाठी भिंतीतून खडकात छिद्र पाडून त्यात वेगवेगळ्या खोलींवर सळया घट्ट रोवतात आणि त्यांच्या बाहेरच्या टोकांचे सरकणे मोजतात. या विस्तारमापकावरून सैल झालेल्या खडकाचा पट्टा दोन मीटरचा आहे की आठ मीटरचा, हे उमगते. तीन मीटर लांबीचे बोल्ट बसवले असतील आणि सैल पट्टा पाच मीटरपर्यंत पोहोचला असेल, तर ते बोल्ट सैल खडकातच लटकत आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

बोल्टवर आणि पोलादी कमानींवर येणारा भार मोजण्यासाठी भारमापक असतात, काँक्रीटमधील ताण मोजण्यासाठी दाबपेट्या असतात आणि भोवतालच्या पाण्याचा दाब मोजण्यासाठी जलदाबमापक असतात. यांपैकी बऱ्याच उपकरणांच्या अंतरंगात एकच युक्ती आहे आणि ती भारतीय वाचकाला सहज कळण्यासारखी आहे. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार ताणली जाते आणि स्वर चढतो. सैल केली की उतरतो. उपकरणातही एका नळीत पोलादी तार ताणून बसवलेली असते. विद्युतचुंबकाने ती छेडायची आणि तिची कंपनसंख्या मोजायची. नळीची टोके जवळ आली किंवा लांब गेली की तारेचा ताण बदलतो आणि कंपनसंख्याही बदलते. कंपनसंख्या लांबच लांब केबलमधूनही बिघडत नाही, त्यामुळे दमट आणि धुळकट बोगद्यात हे उपकरण वर्षानुवर्षे टिकते. अलीकडे काचतंतूंचाही उपयोग होऊ लागला आहे. अस्तरात पुरलेल्या काचतंतूतून प्रकाश पाठवला असता तंतू जेथे ताणला गेला असेल तेथून परतणाऱ्या प्रकाशात सूक्ष्म फरक पडतो. एकाच तंतूने शेकडो मीटरचा ताण सलग वाचता येतो, हा त्याचा मोठा लाभ आहे.

तथापि वाचनाचा आकडा म्हणजे निदान नव्हे. उन्हाने तापलेल्या पोलादी आधारातील भार दुपारी वाढतो आणि रात्री उतरतो. त्यावरून घाबरण्याचे कारण नसते. अनुभवी अभियंता एकूण हालचालीपेक्षा तिच्या वेगाकडे पाहतो. फेस पुढे सरकत असताना आलेख पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, फेस दूर गेला की सपाट होतो. पन्नास मिलिमीटर हालचाल होऊन थांबलेली भिंत पंधरा मिलिमीटर हलून अजून हलत असलेल्या भिंतीपेक्षा बरी. फेसवर काम बंद असतानाही आलेख वर वळू लागला, तर तो सर्वांत गंभीर इशारा होय.

हीथ्रो : आकडे होते

लंडनच्या हीथ्रो विमानतळाला शहराशी जोडणाऱ्या रेल्वेसाठी विमानतळाच्या मध्यभागाखाली तीन समांतर बोगदे काढण्याचे काम चालू होते. लंडनच्या चिकणमातीत ऑस्ट्रियन पद्धत वापरण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता आणि त्यापूर्वीचा चाचणी बोगदा यशस्वी झाला होता. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी मध्यरात्रीनंतर हे बोगदे कोसळू लागले. कामगार वेळीच बाहेर पडले म्हणून प्राणहानी झाली नाही. मात्र वरची जमीन खचली, एक इमारत कलली आणि जगातील अतिशय गजबजलेल्या विमानतळाच्या मध्यभागी मोठा खड्डा पडला.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने सन २००० मध्ये प्रसिद्ध केलेला या दुर्घटनेचा अहवाल बोगदा अभियंत्यांसाठी आजही पाठ्यपुस्तकासारखा आहे. बोगद्याचा तळ उलट्या कमानीसारखा बांधून काँक्रीटचे कडे पूर्ण करायचे असते. ते कडे पूर्ण झाले तरच पातळ अस्तर टिकते. येथे तळाचे काँक्रीट काही ठिकाणी आराखड्यातील जाडीपेक्षा फारच पातळ होते आणि सांधे नीट जुळलेले नव्हते. वरची इमारत खचू नये म्हणून जमिनीत दाबाने सिमेंट भरण्यात आले, त्याचा भारही या दुबळ्या अस्तरावर पडला. उन्हाळ्यात तळाला तडे गेले, दुरुस्ती झाली आणि काम पुढे चालू राहिले. नंतर शेजारचा समांतर बोगदा खोदला जाऊ लागला आणि आधीच आजारी असलेल्या बोगद्याचा उरलासुरला आधार गेला. या सर्व काळात माथा आणि जमीन खचत असल्याच्या नोंदी घेतल्या जात होत्या आणि बिघाड त्यांत दिसत होता. परंतु त्या नोंदींचा एकत्र अर्थ लावण्याची आणि काम थांबवण्याची व्यवस्था नीट नव्हती. १९९९ मध्ये न्यायालयाने मुख्य कंत्राटदार बाल्फर बीटी या कंपनीला १२ लाख पौंड आणि मोजमाप व आराखड्याशी संबंधित ऑस्ट्रियन सल्लागार जिओकन्सल्ट यांना ५ लाख पौंड दंड ठोठावला. सल्लागारालाही दोषी धरले गेले, ही त्या निकालातील लक्षणीय बाब.

सिंगापूर : मर्यादाच सरकली

हीथ्रोत आकडे नीट वाचले गेले नाहीत, तर सिंगापूरमध्ये आकडा मर्यादेबाहेर गेल्यावर मर्यादाच वाढवण्यात आली. तेथील भुयारी रेल्वेच्या वर्तुळाकार मार्गासाठी निकोल हायवेलगत वरून खंदक खोदून नंतर झाकण्याच्या पद्धतीने बोगदा बांधला जात होता. समुद्रकाठच्या मऊ चिकणमातीत तीस मीटरहून खोल खंदक, दोन्ही बाजूंना भिंती आणि त्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारे पोलादी आडवे आधार एकाखाली एक दहा रांगांत, अशी रचना होती. भिंत आत किती वाकते हे मोजण्यासाठी तिच्यात कलमापकाच्या नळ्या होत्या आणि आधारांवर भारमापक होते.

अशा कामात प्रत्येक उपकरणासाठी आधीच मर्यादा ठरवलेल्या असतात. वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन टप्पे असतात. पिवळ्यावर विचारविनिमय करायचा, तांबड्यावर काम थांबवायचे, हा संकेत. निकोल हायवेजवळ भिंतीचे वाकणे आराखड्यातील मर्यादेपलीकडे गेले. तेव्हा काम थांबवून मुळातला आराखडा तपासण्याऐवजी मोजलेल्या आकड्यांशी जुळेल असे उलट गणित करण्यात आले आणि नवी, अधिक सैल मर्यादा निघाली. भिंत त्याही पलीकडे गेल्यावर हाच प्रकार पुन्हा झाला. शेवटी भिंत ४०० मिलिमीटरहून अधिक वाकली होती. मूळ आराखड्यात मऊ मातीची ताकद प्रत्यक्षाहून जास्त धरली गेली होती आणि आडवे आधार भिंतीलगतच्या तुळयांना जेथे टेकत तो सांधा दुबळा होता. सांध्याला दिलेली नवी मजबुती अशा प्रकारची होती की, तो हळूहळू न वाकता एकाएकी मोडावा.

२० एप्रिल २००४ रोजी सकाळपासून नवव्या रांगेतील सांधे वाकू लागले, कामगारांनी आवाज ऐकले. दुपारी साडेतीनच्या सुमारास खंदक आत कोसळला आणि त्याच्याबरोबर महामार्गाचा एक भागही गेला. चार जण मृत्युमुखी पडले. चौकशी समितीने २००५ मध्ये सादर केलेल्या अहवालात आराखड्यातील चुकांबरोबरच मोजमापाच्या या हाताळणीवर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर सिंगापूरने तात्पुरत्या आधारव्यवस्थेचीही त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी करण्याचे नियम कडक केले.

उलट गणित करणे मुळात गैर नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मोजलेल्या हालचालीवरून खडकाचे खरे गुणधर्म काढणे हा या शास्त्राचा गाभाच आहे. फरक इतकाच की, प्रामाणिक उलट गणितातून माती अपेक्षेपेक्षा दुबळी निघाली, तर पुढचे प्रश्न आधारांवर किती जादा भार येईल आणि तो त्यांना पेलेल का, हे असतात. निकोल हायवेला ते योग्य रीतीने विचारलेच गेले नाहीत.

फेसच्या मागे

भारतात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील सिल्क्यारा येथील सुमारे साडेचार किलोमीटर लांबीच्या बोगद्यात दरड कोसळून ४१ कामगार अडकले. मशिनांनी भोके पाडण्याचे प्रयत्न अडल्यावर हाताने बिळे खोदण्यात तरबेज असलेल्या खाणकामगारांनी अखेरचे काही मीटर उकरले आणि २८ नोव्हेंबरला सर्व जण सुखरूप बाहेर आले. सुटकेच्या या थरारक कथेत एक तांत्रिक तपशील झाकोळून गेला. कोसळलेला भाग फेसवरचा नव्हता. तो मुखापासून दोनशे-अडीचशे मीटरवर, म्हणजे कामगारांच्या बराच मागे, पूर्वीच खोदून झालेला होता आणि तेथे बोगद्याचा आकार दुरुस्त करण्याचे काम चालू होते. फेसच्या जवळ रोज आणि मागे आठवड्याने किंवा महिन्याने वाचन घ्यावे, ही सर्वसाधारण रीत आहे आणि आलेख सपाट झालेल्या ठिकाणी ती योग्यही आहे. परंतु दुबळ्या खडकात जुन्या आधाराला हात लावायचा असेल, तर तो भाग पुन्हा नव्याने फेस झाला असे समजून मोजणी सुरू करावी लागते. बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग त्याच भागातून जातो, ही गोष्ट वेगळीच.

हिमालयातील खडक दाबाखाली पिळवटून सरकत राहतात, हे भारतीय अभियंत्यांना नवे नाही. यमुनेवरील छिब्रो-खोद्री जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात १९७० च्या दशकात हा अनुभव आला आणि तेथील मोजमापांतून पिळवटणाऱ्या खडकाविषयी भारतीय संशोधकांनी केलेले काम जगभर संदर्भ म्हणून वापरले गेले.

शहराखालून जाताना

शहरात बोगद्यापेक्षा वरच्या इमारतींची चिंता मोठी असते. बोगदा खोदताना प्रत्यक्ष पोकळीपेक्षा किंचित जास्त माती बाहेर येते आणि वरच्या जमिनीवर आडवा, उथळ खळगा तयार होतो. सारी इमारत सारखीच खचली तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा खचून दुसरा जागीच राहिला तर भिंतींना तडे जातात. खोदयंत्राच्या तोंडाशी मातीचा आणि पाण्याचा दाब सांभाळणे, हा यावरचा खरा उपाय. पृष्ठभागावरची मोजणी त्या उपायाची परीक्षा घेते.

मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. फोर्ट, काळबादेवी, गिरगाव या भागांत या मार्गाला शतकभराच्या वयाच्या इमारतींना खेटून जावे लागले. तेथे मुख्य बोगदे खोदयंत्राने झाले; मात्र गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांच्या फलाटांसाठी जागेअभावी ऑस्ट्रियन पद्धतीचा अवलंब करावा लागला. अशा ठिकाणी इमारतींच्या पायाशी खचण्याचे बिंदू, भिंतींवर कलमापक, जुन्या तड्यांवर तडामापक आणि सुरुंगांचे हादरे नोंदवणारी यंत्रे बसवतात. फोर्टमधील जे. एन. पेटिट संस्थेच्या वारसा इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर गेला होता. अशा वादांत कळीचा ठरतो तो कामापूर्वीचा पुरावा. काम सुरू होण्याआधी प्रत्येक तड्याची छायाचित्रांसह नोंद झालेली असेल, तर रहिवासी आणि बांधकाम संस्था दोघांनाही न्याय मिळू शकतो. ती नसेल तर नंतर बसवलेले महागडे उपकरणही तडा जुना की नवा, हे सांगू शकत नाही.

गाड्या धावू लागल्यावर

बांधकाम संपते, कंत्राटदार जातो आणि अनेकदा त्याच्याबरोबर उपकरणेही मूक होतात. यापुढचा काळ शंभर वर्षांचा असू शकतो. ठाण्याजवळचा पारसिक बोगदा १९१६ पासून वापरात आहे. त्या काळी बांधकामातच उपकरणे पुरण्याची पद्धत नव्हती. अशा बोगद्यांची देखभाल मुख्यतः डोळ्यांनी, कानांनी आणि हातोडीने होते. हातोडी हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. काँक्रीट किंवा दगडी अस्तरावर ठोकले असता भरीव भाग खणखणीत वाजतो आणि मागे पोकळी असलेला भाग बद्द वाजतो.

ही हातोडी न वाजवल्याची किंमत जपानला मोजावी लागली. टोकियोच्या पश्चिमेकडे यामानाशी प्रांतात चुओ द्रुतगती मार्गावर १९७७ साली खुला झालेला सासागो बोगदा आहे. हवा खेळवण्यासाठी त्याच्या माथ्याखाली जड काँक्रीटच्या फळ्यांचे आडवे छत टांगलेले होते. ज्या बोल्टांनी ते टांगले होते, ते माथ्यात चिकटद्रव्याने बसवलेले होते. २ डिसेंबर २०१२ रोजी सकाळी शंभर मीटरहून अधिक लांबीचे हे छत वाहनांवर कोसळले आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. माथ्याजवळचे बोल्ट उंचावर असल्याने त्यांची जवळून ठोकून तपासणी कित्येक वर्षे झालेलीच नव्हती. त्यानंतर जपानने कायदा बदलला आणि २०१४ पासून प्रत्येक रस्ता बोगद्याची व पुलाची पाच वर्षांतून एकदा हाताच्या अंतरावरून तपासणी सक्तीची केली. यापूर्वी, १० जुलै २००६ रोजी, अमेरिकेतील बोस्टन शहरात अगदी याच प्रकारे चिकटद्रव्याने बसवलेले बोल्ट हळूहळू सरकून छताची फळी मोटारीवर पडली होती आणि एका महिलेचा जीव गेला होता. अमेरिकेत बोगद्यांच्या तपासणीचे राष्ट्रीय निकष लागू झाले ते २०१५ मध्ये. एका देशाच्या अनुभवातून दुसऱ्याने शिकण्याचा वेग बोगद्यांच्या बाबतीत फार मंद आहे.

आधुनिक साधनांनी या कामात मोठी सोय केली आहे. रुळांवरून जाणाऱ्या वाहनावर बसवलेले लेसरयंत्र एका रात्रीत बोगद्याच्या आतील भागाचे लक्षावधी बिंदू टिपते. सहा महिन्यांनी पुन्हा टिपलेल्या बिंदूंशी त्यांची तुलना केली की फुगवटा किंवा खचणे दिसून येते. उपग्रहाच्या रडारवरून वरच्या जमिनीची हालचाल मिलिमीटरमध्ये कळू शकते. मात्र घनदाट झाडीखाली हा उपाय लंगडा पडतो. अस्तरामागची पोकळी आणि साचलेले पाणी लेसरला दिसत नाही, हेही विसरून चालत नाही. पेडण्यासारख्या ठिकाणी खरा शत्रू पाणीच आहे. निचऱ्याची छिद्रे मातीने बुजली की अस्तरामागचा दाब वाढतो, आणि निचरा चालू राहिला तर पाण्याबरोबर बारीक माती वाहून जाऊन मागे पोकळी तयार होते. म्हणून निचऱ्यातून येणारे पाणी किती आहे याइतकेच ते गढूळ आहे की स्वच्छ, याची नोंद महत्त्वाची ठरते. त्यासाठी काचेच्या बाटलीपलीकडे काही लागत नाही.

बोगद्याची मुखे आणि त्यांच्या अलीकडच्या खोल कटाई हा आणखी एक नाजूक भाग. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची विशेष गाडी बोगद्याच्या तोंडाशी रुळांवर आलेल्या दरडीला धडकली आणि पन्नासहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. त्यानंतर कोकण रेल्वेने कटाईंवर जाळ्या, धोक्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणा आणि कलमापक बसवले, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवण्यास आणि रात्रंदिवस गस्त घालण्यास प्रारंभ केला. पावसात कंदील घेऊन चालणारा गस्तीवाला जे पाहतो, ते बऱ्याचदा कोणत्याही यंत्राआधी पाहतो. त्याने कळवलेली गोष्ट लिहून घेतली जाते का आणि मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते का, हा पुढचा प्रश्न.

येथे बांधकामकाळातील कागदपत्रांचा मुद्दा येतो. कोणत्या मीटरवर खडक बदलला, कोठे पाणी लागले, कोठे माथा ढासळून मागे पोकळी राहिली आणि ती कशी भरली, कोणत्या बिंदूचा आलेख सर्वांत उशिरा सपाट झाला, ही सारी माहिती खोदणाऱ्यांकडे असते. वीस वर्षांनी अस्तराला तडा जातो, तो प्रायः याच यादीतल्या एखाद्या मीटरवर. जेथे ही नोंद बोगद्याबरोबर रीतसर चालकांच्या हाती येते, तेथे तपासणी करणाऱ्याला हातोडी नेमकी कोठे वाजवायची हे आधीच ठाऊक असते. जेथे ती कंत्राटदाराच्या गोदामात राहते, तेथे दुरुस्तीचा अभियंता बंद पडलेल्या मार्गावर उभा राहून अस्तरामागे काय आहे, हे भोके पाडून शोधत बसतो आणि गाड्या दूरच्या मार्गांनी वळवल्या जातात.